खांबाच्या दक्षिणेला

सुशीलाबाई, तुमच्या खांबाच्या दक्षिणेला चार खड्डे खोदले गेले, आणि तेही तुमच्याच नावाने. तुम्ही जाऊन पुरते दोन महिनेही झालेले नाहीत. अशा लेखाची सुरुवात खड्ड्यांनी करू नये, हे मला कळते. आयुष्यभर मुलांच्या निबंधांत लाल शाईने ‘प्रस्तावना कुठे आहे?’ असे मीच लिहीत आले. परंतु वयाच्या या टप्प्यावर पहिल्यांदाच छापण्यासाठी काही लिहायला बसले आहे, तेव्हा मनात जे सर्वांत वर तरंगते आहे तेच आधी लिहिते. वर तरंगतो आहे तो संताप. दुःख त्याच्या तळाशी आहे आणि ते कुठे जाणार नाही.

ज्यांनी तुम्हाला पाहिले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की सौंदडच्या स्टेशनापासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या एका गावातल्या शाळेत तुम्ही भूगोल शिकवत होता आणि मी मराठी. आपल्या वर्गांमध्ये भिंत एकच होती. तुमचा आवाज त्या भिंतीतून आरपार येई. माझा माझ्याच वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसे.

शोकसभेत पहिल्या वक्त्याने तुम्हाला ‘अजातशत्रू’ म्हटले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि पदराआड हसू येते की रडू, हे मला ठरवता येईना. तुम्ही अजातशत्रू? एकामागून एक आलेल्या किती मुख्याध्यापकांशी तुम्ही भांडलात, त्याची मोजदाद शिपायालाही करता आली नसती. पुढच्या वक्त्याने तुम्हाला ‘शांत, संयमी व मितभाषी’ ठरवले. ही विशेषणे त्याने बहुधा माझ्यासाठी जपून ठेवली असावीत आणि वेळ आली म्हणून तुमच्यावर खर्च केली. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर तुमचा ओळखपत्रासाठी काढलेला, घाबरल्यासारखा दिसणारा फोटो होता आणि त्याच्या मागे बर्फाने झाकलेले डोंगर. भूगोलाच्या शिक्षिकेमागे बर्फ! तुमचा सगळा भूगोल शाळेच्या अंगणात मावत होता, हे त्या सभेत एकानेही सांगितले नाही. खांबाचा उल्लेखसुद्धा झाला नाही. मी तरी का सांगितले नाही, असे तुम्ही विचाराल. मला बोलायला बोलावले नव्हते. बोलावले असते तर मी नको म्हटले असते, हे सर्वांना ठाऊक होते.

तो खांब म्हणजे बंद पडलेल्या हातपंपाचा पाइप. पंचायतीने तो भंगारात काढला आणि तुम्ही तो भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून घेतलात. ओळंबा लावून तो अंगणाच्या मधोमध सरळ उभा केलात. त्याच्या बुडाशी सिमेंट ओले असताना पोरांना दटावलेत, “हात लावाल त पृथ्वी तिरपी होईल!” पोरे खरोखरच मागे सरली. पृथ्वी आधीच तिरपी आहे, हे तुम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलेत.

मग वर्षभर त्या सावलीचा पाठलाग चालला. सकाळी ती लांबलचक होऊन पश्चिमेला, स्टेशनाच्या अंगाला पडलेली असे. पोरे चुन्याने तिच्या टोकावर खूण करत आणि पुढच्या तासाला येऊन पाहत, तर ती आखडून बाजूला सरकलेली असे. मध्यान्हीला ती सर्वांत आखूड होऊन नेमकी उत्तरेकडे बोट दाखवी. नंतर पुन्हा लांबत लांबत पूर्वेला, बोडीच्या पाण्याच्या दिशेने जाई. हिवाळ्यात शाळा सुटायच्या सुमाराला तिचे टोक माझ्या वर्गाच्या पायरीला येऊन टेके. तेव्हा तुम्ही अंगणातून हाक मारत होता, “कुसुम, माही पोरगी आली का वं तुह्या दारात?” माझा वर्ग खदाखदा हसे आणि त्या दिवशीची कविता तिथेच संपे. मी रागावल्यासारखे करत असे. आज सांगते, त्या हाकेची मी वाट पाहत असे.

दर महिन्यात एका ठरलेल्या दिवशी मध्यान्ही सावलीचे टोक जिथे पोहोचे, तिथे तुम्ही चुलबंद नदीच्या पात्रातून आणलेला एक एक गोटा पुरलात आणि त्याला चुना फासलात. खांबापासून उत्तरेकडे गोट्यांची ती ओळ तयार झाली. नवे लोक आले की त्यांना वाटे, ही फुलझाडांची किनार आहे आणि फुलझाडे वाळली असावीत. त्या ओळीतला सर्वांत दूरचा गोटा पौषाचा. तो पुरल्यावर तुम्ही टेप लावून मोजलेत आणि वर्गात धावत येऊन मला हात धरून बाहेर नेलेत. खांब जेवढा उंच, तेवढीच लांब सावली! डिसेंबर सरता सरता आपल्या या भागात मध्यान्हीला प्रत्येकाची सावली त्याच्या उंचीइतकीच होते. पुण्यामुंबईच्या पुस्तकात हे कशाला असेल? त्यांचा सूर्य वेगळ्या कोनात. हे आपले, आपल्या आकाशाचे माप होते.

त्यानंतर दर पौषात अंगणात तो खेळ होई. एका पोराने उन्हात ताठ उभे राहायचे, दुसऱ्याने त्याच्या सावलीभोवती चुन्याची रेघ ओढायची आणि मग पहिल्याने त्या रेघेत झोपून पाहायचे. पाय रेघेला लावले की डोके नेमके रेघेला लागे. पोरांच्या पाठी धुळीने माखत, आणि आया दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येत. “टेंभरेबाई, पोराले शाळेत शिकाले पाठवतो, लोळाले नाही!” त्यावर तुम्ही त्या आईलाही रेघेत झोपायला सांगितलेत, तो दिवस मला आठवतो. ती झोपलीही. हसून हसून तिला उठवेना.

या गावातले आज चाळिशीत असलेले जवळजवळ सगळे पुरुष आणि बाया त्या अंगणात कधी ना कधी आपल्या सावलीच्या मापात झोपलेले आहेत. माझ्या संतापाचे मूळ इथे आहे, म्हणून हे लक्षात ठेवावे, अशी वाचणाऱ्यांना विनंती.

एक गोटा मात्र खांबाच्या दक्षिणेला होता, चार बोटांवर, एकटा. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि मध्यान्हीची सावली तेवढे दिवस दक्षिणेला पडते. पण तेव्हा शाळेला सुट्टी, आणि शाळा उघडावी तर आभाळ भरलेले. म्हणून तो गोटा तुम्ही एकटीने, जूनच्या रणरणत्या उन्हात, बंद शाळेचे फाटक ओलांडून पुरलात. नव्याने आलेल्या मुख्याध्यापकांना वाटले, चुकून इकडे आला आहे. त्यांनी तो उचलून उत्तरेच्या ओळीत नीट बसवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो परत दक्षिणेला नेलात. त्यांनी पुन्हा हलवला. मग स्टाफरूममध्ये जे झाले, ते बोडीवर कपडे धुणाऱ्या बायांनीही ऐकले.

“बाई, शिस्त म्हणून काही असते की नाही? सगळे दगड एका ओळीत, आणि हाच एक उलटा?”

“सर, सूर्याले नोटीस काढा. मंग मी दगड हलवतो.”

मी कोपऱ्यात वह्या तपासत होते. घरी जाताना शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, पुढे-मागे चालत असताना तुम्ही एकदम थांबलात. “तू काऊन काही बोलत नाहीस वं कुसुम? तोंडात का पानी धरून राहतेस?” मी म्हटले, बोलायची गरज काय, गोटा तिथे आहे, सावली तिथे पडेल, ज्याला डोळे आहेत तो पाहील. दाखवले की पुरे. तुम्ही मान हलवलीत. “दाखवून काही होत नाही, बाई. लोकं पाहतात आनि घरी जातात. दाखवल्यावर बोलावंच लागते.”

हा वाद आपण किती वर्षे घातला! निवृत्त झाल्यावरही, तुमच्या ओसरीवर, चहा गार होईपर्यंत. तुम्ही म्हणत होता, बोलावे. मी म्हणत होते, दाखवावे. अखेरच्या भेटीत तुमचा आवाज इतका क्षीण झाला होता की मला वाकून ऐकावे लागले, आणि तेव्हाही तुम्ही मला चिमटा काढलात: “आता माहा आवाज तुह्यासारखा झाला. पाह्य, कोनी ऐकते का.” मी हसले. उत्तर द्यायला हवे होते. ते सुचेपर्यंत तुम्ही डोळे मिटून घेतले होते.

आता खड्ड्यांविषयी.

याच मे महिन्यात एका दुपारी मी शाळेवरून चालले होते. अंगणात माणसे दिसली म्हणून आत गेले. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष सध्या भोजराज आहे. तुमचा विद्यार्थी, खांबाचे सिमेंट ओले असताना सर्वांत आधी मागे सरलेला तोच. त्याने हसतमुखाने माझे स्वागत केले.

“या ना मॅडमजी! बाईच्या नावानं रंगमंच होऊन राहिला. दिवारीनंतर दंडार म्हना, नाटक म्हना, सारं इथंच. वरतं टिनाचं छप्पर, एकदम मजबूत. आनि पाहून घ्या, खांबाले आम्ही हात बी लावला नाही.”

कल्पना वाईट नव्हती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. परंतु खड्डे खांबाच्या दक्षिणेला होते, अवघ्या पाच-सहा हातांवर, आणि छप्पर जाणार होते दीड मजला उंच. मी नुसतीच खांबाकडे पाहू लागले. भोजराजला माझ्या मनातले कळले असावे.

“सावलीचं म्हनता ना? तेही पाह्यलं, मॅडम. आता बारालेच पाह्यलं. त्या छपराएवढ्या बांबूची सावली इंचभरही खांबाकडे गेली नाही. बिलकुल टेंशन नाही.”

सुशीलाबाई, त्याने हे तुमच्या खांबाशेजारी उभे राहून सांगितले. मे महिन्यात! भर बाराला! ज्या दिवसांत या गावातल्या कुठल्याच वस्तूची सावली मध्यान्हीला दुसऱ्या कशावर पडत नाही, त्या दिवसांत त्याने सावलीची परीक्षा घेतली आणि तिला उत्तीर्ण करून टाकले. सूर्य दक्षिणेला कलेल, सावल्या उत्तरेकडे लांबू लागतील, पौषात त्या छपराची सावली त्याच्या उंचीइतकी पसरेल आणि तुमचा खांब, तुमचे गोटे, सगळे त्या सावलीत बुडून जाईल. वर्षातले जे महिने शाळा भरते आणि आभाळ निरभ्र असते, नेमके तेच महिने. हे त्याला समजत नव्हते असे नाही. त्याने ते पाठ केले होते, त्यावर गुण मिळवले होते, त्यात झोपून पाहिले होते. आणि तुमचे नाव एखाद्या गोष्टीला द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही शिकवलेले त्याला आठवले नाही.

मी काहीच बोलले नाही. मी दाखवले.

गवंड्याने छपराच्या उंचीचा बांबू कापून खड्ड्याशी उभा ठेवला होता. मी पदर खोचला, तो बांबू आडवा केला, त्याचे बूड खड्ड्याच्या कडेला टेकवले आणि शेंडा ओढत उत्तरेकडे नेला. माझ्या वयाला शोभणारे ते काम नव्हते. एकजण हळूच म्हणाला, “मॅडम का करून राहिल्या?” बांबू जमिनीवर झोपला. त्याचा शेंडा तुमच्या खांबाला मागे टाकून पौषाच्या गोट्याशी जाऊन पोहोचला. मी हात झटकले आणि बाजूला उभी राहिले.

सगळ्यांनी पाहिले. कुणाला अर्थ सांगावा लागला नाही. चेहऱ्यांवरून मला ते दिसले. दोघा-तिघांनी मान डोलावली. भोजराज म्हणाला, “बरोबर आहे तुमचं, मॅडम.” मग तो गवंड्याकडे वळला. “चला गा, उद्या सळाखी येऊन राहिल्या.”

लोकं पाहतात आणि घरी जातात. तुमचे ते वाक्य माझ्या कानशिलावर बसल्यासारखे झाले. आयुष्यभराचा आपला वाद त्या एका क्षणात तुम्ही जिंकलात आणि तुम्हाला ते सांगायची सोय राहिली नव्हती.

तेव्हा मी बोलले. मी प्रमाण मराठीतच बोलेन असे मला वाटले होते, पण तोंडातून माझ्या आईची बोली निघाली.

“भोजराज, दादाजीच्या धुऱ्यावरची बाभूळ तू कायले छाटाले लावलास गा?”

तो गोंधळला. या भांडणाची गोष्ट गावात सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या दादाजीच्या त्या एका झाडावरून पंचायत बसली होती आणि दोन घरांतला लग्नाकार्याचा व्यवहार बंद पडला होता.

“त्याचं का आता, मॅडम? माह्या बांधीत सावली टाकत होती थे. धान हिरवाच राहे.”

“वैशाखात टाकत होती?”

“वैशाखात कोनता धान राहते? दिवारीच्या टायमाले.”

“आनि झाड कोनत्या धुऱ्यावर होतं?”

“दक्षि...” एवढे बोलून तो थांबला.

मागून एक म्हातारा म्हणाला, “झोप गा भोजराज, खालतं झोपून पाह्य. किती लांब होतेस थे समजन.” हशा पिकला. भोजराजच्या कपाळाची शीर फुगली.

“खड्डे झाले ना पन! आता मजुराले काय सांगू? आनि पूस महिन्यातली सावली कोनी पाह्यली, मॅडम? बाईच्या नावाचंच काम करून राहिलो, चोरी नाही करून राहिलो!”

“मग बाईंचं नाव काढ,” मी म्हटले. माझा आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे गेला. “स्वतःच्या धानावरची सावली तुला दिसते. बाईंच्या खांबावर टाकायची असेल, तर खुशाल टाक. पण तिथे त्यांचं नाव लावू नको.”

मी थांबले नाही. घरी जाऊन किती तरी वेळ मी पाणी न पिता बसून राहिले.

पुढचे थोडक्यात सांगते. खड्डे बुजवले गेले. नवे खड्डे अंगणाच्या उत्तर टोकाला, पौषाच्या गोट्याच्याही पलीकडे खोदले आहेत. रंगमंच तिथे होतो आहे, आणि त्याची सावली त्याच्यामागच्या पडीत जागेत पडेल. मात्र त्याला आता तुमचे नाव नाही. भोजराज रस्त्यात भेटला तेव्हा सायकल न थांबवता म्हणाला, “काढ म्हनलं ना मॅडम, काढलं नाव.” तुमच्या फोटोचा तो फ्लेक्स, बर्फाच्या डोंगरांसकट, सध्या सिमेंटच्या पोत्यांवर पसरलेला आहे, अवकाळी आला तर पोती भिजू नयेत म्हणून. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही मात्र असता तर म्हणाला असता, “चाला, फोटो कामी त आला.” तुमच्या या स्वभावाचासुद्धा मला राग येतो. जग तुमच्याशी वाईट वागे आणि त्यावर तुम्ही विनोद करत होता. रागवायचे काम माझ्याकडे ठेवून गेलात, जिला ते कधी जमले नाही.

आणि खरे सांगायचे तर माझा सर्वांत मोठा राग तुमच्यावरच आहे. ‘बोल, बोल’ म्हणून माझ्या मागे लागलात. वर्गाच्या भिंतीतून, धुऱ्यावरून, ओसरीवरून, अंथरुणावरून. आणि मी बोलले तेव्हा ऐकायला तुम्ही नव्हता. असे कुणी करते का?

काल नवतप्याच्या, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात मी शाळेत गेले. तुमचा तो दिवस होता, ज्या दिवशी मध्यान्हीला खांबाला सावलीच उरत नाही. दरवर्षी सुट्टी असूनही तुम्ही घराघरांतून पोरे गोळा करून आणत होता आणि सावली नाहीशी झाली की म्हणत होता, “पाहा, पोरगी मायच्या पायात लपली.” यंदा कुणी आले नव्हते. मी एकटीच डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. अंगण पांढरेफटक पडले. त्या वेळी तुमच्या खांबाकडे पाहणाऱ्याला तिथे कधी काही होते, असे वाटलेही नसते.

मी थांबून राहिले. ऊन सहन होत नव्हते, तरी थांबले. मग बुडाशी, पूर्वेच्या बाजूला, नखाएवढी एक काळी कड दिसू लागली. ती माझ्या वर्गाच्या पायरीच्या दिशेने निघाली होती.

अंगणात कुणीही नव्हते. तरीही मी मोठ्याने म्हटले, “सुशीलाबाई, तुमची पोरगी निघाली.”